तळ्याच्या देखभालीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

परवा नणंदेचा फोन आला. तिच्या कॉलनीत एकांनी बंगल्यामागे तळं बांधून घेतलंय आणि देखभालीला एक माणूस ठरवलाय. तो आल्या आल्या पाण्यात मीटर बुडवून आकडा दाखवतो, असं ती म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. तसाच मीटर आमच्याकडेही बुडवला होता. त्यानंतरच्या चार महिन्यांत आमचे ४५,४०० रुपये गेले, सात कोई माशांपैकी (कोई म्हणजे तळ्यात शोभेला पाळतात ते रंगीत मासे) पाच गेले आणि माझे सासरे थोडक्यात वाचले. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं तळं नाशिकला, घरामागच्या अंगणात. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन खोल. एका घनफुटाला २८ लिटर धरले तर साधारण पाच हजार लिटर पाणी. ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. फिल्टर म्हणजे एक जुना ड्रम, त्यात स्पंजाचे थर आणि खाली लाव्हा खडकाचे तुकडे. पाणी बोअरचं. ह्यांची नागपूरला बदली झाली आणि तळं माझ्याकडे आलं. आण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ८१. सासूबाई गेल्यापासून रोज संध्याकाळी काठावर बसून माशांना हातावर चारायचे. एप्रिलात ऊन चढलं तसं पाणी हिरवंगार झालं, मासे दिसेनासे झाले, आण्णा हिरमुसले. मी एका नर्सरीत चौकशी केली, तिथून या माणसाचा नंबर मिळाला.

त्याने मीटर बुडवला, ४८० आकडा आला. "ताई, पाणी विषारी झालंय. बोअरचं पाणी बंद करा. आणि या फिल्टरचं आयुष्य संपलंय." मी घाबरले. तो मीटर टीडीएसचा होता, हे मला चार महिन्यांनी कळलं. पाण्यात विरघळलेले क्षार किती एवढंच तो सांगतो. आमच्या बोअरला तेवढा आकडा नेहमीच येतो आणि त्याच पाण्यात ते मासे वाढले होते. माशांच्या जिवावर उठतो तो अमोनिया, आणि तो या मीटरला दिसत नाही.

त्याने जुना ड्रम उचलून नेला. नवा फिल्टर १६,५०० चा, पाणी हिरवं करणारं शेवाळ मारायला यूव्ही दिवा ६,८०० चा, पाण्यातले चार दिवे ५,८०० चे. दर पंधरा दिवसांनी सफाई, फेरीला ८०० रुपये. महिन्यातून एकदा फिल्टरमधला सगळा माल बदलायचा, त्याचे १,९००. "याचं आयुष्यच तीस दिवस," असं तो ठासून सांगायचा.

इथेच खरी फसवणूक आहे, म्हणून नीट सांगते. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरमधल्या स्पंजावर आणि खडकांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट माशांना बरंचसं सोसतं. हा थर पुरता धरायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जो फिल्टर मला घाणेरडा दिसत होता तोच तळ्याला जगवत होता. स्पंज दोन-तीन वर्षं सहज टिकतो, दाबल्यावर परत फुगेनासा झाला की बदलायचा. लाव्हा खडक, सिरॅमिकच्या रिंगा वर्षानुवर्षं चालतात. त्या धुवायच्या त्या तळ्याच्याच पाण्यात, बादलीत, आणि एका वेळी निम्म्याच. हा माणूस दर फेरीला तळं पूर्ण रिकामं करून मनपाच्या नळाचं पाणी भरायचा आणि फिल्टरही त्याच नळीने खळखळून धुवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, मग आपले जिवाणू कसे वाचणार? जे थोडे उरत, ते महिन्याच्या शेवटी जुन्या मालाबरोबर कचऱ्यात जात.

त्याची पाठ फिरली की तळं काचेसारखं दिसायचं. दोन दिवस आम्ही खूश. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडत राहायचे, परांवर लाल रेषा उमटायच्या. त्याला फोन केला की तो म्हणे रोग आलाय, आणि निळं औषध आणून टाकायचा. त्याचे एकूण २,३०० झाले. तेही जिवाणूंना घातकच. पहिला मासा मेला तो आण्णांचा लाडका, पांढऱ्यावर केशरी टिळा असलेला. आण्णा त्या रात्री जेवले नाहीत. मी मात्र त्या माणसाला अजून एक जादा फेरी मारायला सांगितली. ते आठवलं की आजही गलबलून येतं, कारण त्या फेरीनंतर आठवड्यात आणखी दोन गेले.

ऑगस्टअखेरीस, पावसाची झड लागलेली असताना, आण्णांनी पाण्यात हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. "मुंग्या आल्या गं." मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. वायरमन आला. पाण्यातले चारही दिवे थेट २३० व्होल्टचे, बागेत भिंतीवर लावायचे, आयपी ६५ वाले. आयपी ६५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा दिवा. बुडवून ठेवायला आयपी ६८ लागतो, आणि तोही १२ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी ठेवून. वायरचा जोड चक्क पाण्याखाली, काळी टेप गुंडाळून. आमच्या बोर्डात नुसती एमसीबी होती. ती जादा भाराला आणि शॉर्टसर्किटला पडते, विजेच्या अशा बारीक गळतीला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. तळ्यात दिवा लावायचा असेल तर आधी ती बसवून घ्या, बाकी सगळं नंतर.

वायरमनने यूव्हीचा डबाही उघडला. खऱ्या यूव्हीत ट्यूब असते, तिच्यावर क्वार्ट्झची नळी, बाहेर चोक. ती ट्यूब आठ-नऊ हजार तास चालते, म्हणजे सतत चालू ठेवली तर वर्षभर. पुढेही ती पेटते, पण शेवाळ मारण्याची ताकद उरत नाही. आमच्या डब्यात निळ्या एलईडीची पट्टी चिकटवलेली होती, बस. मग पाणी स्वच्छ कसं दिसायचं? दर पंधरा दिवसांनी नवंच असायचं म्हणून! (खऱ्या यूव्ही ट्यूबकडे मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू नका, डोळ्यांना इजा होते.)

शेजारच्या काकूंचा भाचा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत आला होता. त्याने अमोनियाची थेंबांची चाचणी केली. पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. फिल्टरमधून पाणी फिरवणाऱ्या पंपावर ताशी ५,००० लिटर लिहिलं होतं. त्याने फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याखाली २० लिटरची बादली धरली, भरायला ४० सेकंद लागले. म्हणजे ताशी १,८०० लिटर. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते.

त्याच्या ओळखीतल्या एकांच्या जुन्या तळ्यातला स्पंज आणून आमच्या फिल्टरमध्ये पिळला, बोअरचं पाणी पुन्हा सुरू केलं, एका वेळी फार तर चौथा हिस्सा पाणी बदललं, खाणं अगदी कमी केलं. सहा आठवड्यांनी अमोनिया शून्यावर आला. नवे दिवे १२ व्होल्टचे आहेत आणि रात्री नऊला बंद होतात. तो माणूस रात्रभर चालू ठेवायला सांगायचा. माशांना अंधार लागतो, आणि शेवाळाला उजेड मिळाला की ते वाढतंच.

पैशांचं म्हणाल तर पक्कं बिल एकाही वस्तूचं नाही. मागितलं की "पाठवतो ताई." मी सगळे पैसे यूपीआयने दिले होते आणि त्याचे मेसेज पुसले नव्हते, एवढाच आधार. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. निळी पट्टी असलेला तो डबा आणि टेप लावलेली वायर मी पिशवीत बांधून ठेवली आहे. फेकू नका अशा वस्तू.

दोन मासे उरलेत. आण्णा अजून संध्याकाळी काठावर बसतात. वायरमनने त्यांच्यासमोर टेस्टर पाण्याला लावून दाखवला, मीही हात घालून दाखवला. तरी ते दाणे लांबूनच टाकतात, आणि मासे जवळ आले की हात मांडीवर ठेवतात.