टॅगचा सेल बदलायचाय? घंटाळीजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे जा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत १६ बिऱ्हाडं आणि किल्ल्यांचे जुडगे तीन: पंपाची खोली, गच्ची आणि मीटरची खोली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सेक्रेटरी झाले आणि हे तिन्ही जुडगे माझ्याकडे आले. गच्चीची किल्ली कुणी गाद्यांना ऊन द्यायला नेतं, कुणी केबलवाल्याला देतं, आणि ती खिळ्यावर परत येईल याची खात्री नसते. म्हणून मुलीने चार एअरटॅगचं, म्हणजे किल्लीला अडकवायच्या आणि कुठे आहेत ते फोनवर दाखवणाऱ्या ॲपलच्या छोट्या चकत्यांचं, पाकीट आणून दिलं. तीन जुडग्यांना तीन, चौथा माझ्या पर्सला. वस्तू उत्तम आहे. २०२१ साली आली तेव्हा एकाची किंमत ३,१९० रुपये होती, चारांची १०,९००. आयफोन मात्र हवाच. आमच्या खजिनदारांकडेही आयफोन आहे, त्यामुळे जुडगे त्यांनाही दिसतील अशी सोय करून ठेवली आहे.

पहिले सेल तेरा-चौदा महिने चालले. मग फोनवर बॅटरी उतरल्याची सूचना आली आणि मी स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून पाच सेलची पट्टी ५० रुपयांना घेतली. आकडा बरोबर होता, सीआर२०३२. टॅग वाजला, नकाशावर दिसला. मला वाटलं, झालं काम.

अडीच महिन्यांनी एका सकाळी वरची टाकी रिकामी, खालची भरलेली, आणि पंपाचा जुडगा जागेवर नाही. फोनवर टॅग आदल्या रात्री साडेनऊला शेवटचा दिसला होता, त्यानंतर काही नाही. वाजवून बघितला तर उत्तर नाही. चौथ्या मजल्यावर दहा दिवसांची बाळंतीण, आणि घरात पाण्याचा थेंब नाही. वॉचमन आणि मी एकेका मजल्यावर दारं वाजवत फिरलो. सव्वाअकरा वाजता जुडगा तिसऱ्या मजल्यावर भाजीच्या पिशवीच्या तळाशी सापडला. त्या बाळाच्या आजीसमोर उभं राहताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. किल्ली शोधायला म्हणून लावलेल्या वस्तूत मी दहा रुपयांचा सेल घातला होता.

तेव्हा मी या दुकानात गेले. घंटाळी देवीच्या देवळाजवळ एका गल्लीत, जिन्याखालची जागा, पाटीवर फक्त ‘घड्याळ दुरुस्ती’. आत एका माणसापुरती खुर्ची, काचेचं टेबल, डोळ्याला भिंग लावलेले साठी उलटलेले काका. मला वाटलं होतं ते सेल बदलून मोकळे होतील. त्यांनी आधी विचारलं, “ताई, जुना सेल कुठला होता? टाकून नाही ना दिला?”

तो अजून टॅगमध्येच होता. त्यांनी तो काढून व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. ३ व्होल्टच्या जवळपास, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे सेल चांगला. मग त्यांनी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे सेलवर भार टाकणारा भाग, सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवला आणि मीटर माझ्याकडे वळवला. आकडा माझ्या डोळ्यांसमोर घसरत २.३ वर आला. त्यांच्या खणातल्या नव्या सेलवर तोच प्रयोग केला तर आकडा २.९ च्या खाली गेला नाही.

“घड्याळ थेंबथेंब पितं,” ते म्हणाले. “तुमचा टॅग बराच वेळ झोपलेला असतो, पण सिग्नल पाठवायच्या क्षणी मोठा घोट घेतो. तेवढा घोट या सेलला देता येत नाही. घोट घ्यायला गेला की व्होल्टेज कोसळतं आणि टॅग बंद पडतो.”

मग मला कळलं की फोनवर आधी काही सूचना का दिसली नाही. लिथियमचा हा सेल आयुष्यभर ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटाला एकदम उतरतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती उरलंय ते सांगणं कठीण. त्यातून सेल हलक्या प्रतीचा असेल तर सूचना यायच्या आतच खेळ संपतो.

सेल बदलतानाचं त्यांचं काम मी लक्ष देऊन पाहिलं. स्टीलच्या झाकणावर दोन अंगठे दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवलं, झाकण सुटलं. जुना सेल प्लास्टिकच्या चिमट्याने काढला. धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना एकदम लागला तर सेल उतरायला लागतो. आतल्या पत्र्या कोरड्या सुती कापडाने पुसल्या. पावसाळ्यात आमचा गच्चीचा टॅग भिजतोच. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असं कंपनी सांगते, पण उघडला की ओल आत राहू द्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं. नवा सेल त्यांनी कडेला धरून अधिकची बाजू वर ठेवून बसवला, बोटं सपाट बाजूंना लागू दिली नाहीत. टॅग बारीक आवाजात एकदा वाजला. “हा आवाज आल्याशिवाय झाकण लावायचं नाही,” ते म्हणाले.

सेलबद्दलही दोन गोष्टी सांगितल्या. आकड्यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ दिसायला तसाच, पण पातळ, तो हलतो आणि टॅग मधूनच बंद पडतो. दुसरं, काही चांगल्या सेलवर कडू लेप असतो. मुलाने तोंडात घातला तर थुंकावा म्हणून तो लावतात. पण तो लेप कुठवर पसरलाय त्यावर सेल एअरटॅगमध्ये चालेल की नाही ते ठरतं. ॲपलनेही ही अडचण सांगून ठेवली आहे. काका म्हणूनच टॅगसाठी बिनलेपाचा सेल ठेवतात, आणि घरात लहान मूल आहे का ते विचारून मगच सुटा सेल हातात देतात. मला हे फार आवडलं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजतं, इतकं ते गंभीर आहे. माझ्या जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्यांनी तो ई-कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मध्ये एकदा मी दोन दिवस पुण्याला गेले होते आणि वॉचमनच्या हातात गच्चीचा जुडगा आपोआप वाजायला लागला. ते घाबरले, मला वाटलं सेल चालला. तसं नव्हतं. टॅग मालकापासून बराच वेळ लांब राहिला आणि कुणी हलवला तर तो वाजतो. कुणाचा गुपचूप पाठलाग होऊ नये म्हणून ही सोय. हेही काकांनीच समजावलं. तेव्हापासून वॉचमनना आधी सांगूनच गावाला जाते.

एका टॅगचे ८० रुपये घेतात, सेल धरून. टपरीपेक्षा महाग आहे, पण माझे तिन्ही जुडगे आता आठ महिने व्यवस्थित बोलतायत. तारखा मी सोसायटीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिते आणि वर्ष भरलं की सूचनेची वाट न बघता पंपाचा सेल बदलणार आहे.

तक्रार करायची तर दोन गोष्टी आहेत. बसायला जागा नाही, आणि काका घाई करत नाहीत. तुमच्या आधी कुणाचं जुनं चावीचं घड्याळ उघडलेलं असेल तर अर्धा तास धरा. ऑफिसच्या वाटेवर जाऊ नका. दुपारी दीड ते साडेचार बंद, सोमवारी पूर्ण बंद. गल्लीत दुचाकीसुद्धा लावता येत नाही, चालतच जा. आणि टॅगबरोबर फोनही न्या, कारण टॅग फोनवर परत दिसल्याशिवाय काका पैसे घेत नाहीत.