इझमीरला चार आठवडे तुर्की शिकून आलो: क्लास बरा, तेय्झे भारी

आमचा तासगावात बेदाण्याचा धंदा, ऑगस्टमध्ये शेड रिकामं असतंय म्हणून तुर्कस्तानात इझमीर शहरात तुर्की भाषेचा चार आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स केला, सोमवार ते शुक्रवार रोज चार तास क्लास आणि राहायला तिथल्याच एका घरात. बेदाण्यात तुर्कस्तान म्हणजे जगातला मोठा निर्यातदार, त्यामुळं घरच्यांनी पण जास्त कटकट केली नाही.

आधी भाषेचं सांगतो. मराठी माणसाला तुर्की वाटते तेवढी अवघड नाही, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय मागं चिकटतात, एव म्हणजे घर, एव्दे म्हणजे घरात. फक्त स्वरांप्रमाणं प्रत्यय बदलतो, इझमीर्दे पण अंकारादा, त्यात पहिला आठवडा गेला. लिपी 1928 पासून रोमन, 29 अक्षरं, त्यातला बिनटिंबाचा आय अजून माझ्या तोंडात बसला नाही. आणि गेल्दी म्हणजे आला!! मला कायम कुणीतरी गेल्यासारखंच वाटायचं.

एक दिवस मॅडम गेल्मिश शिकवत होत्या, म्हणजे आपण बघितलं नाही पण आलाय असं कळलं. इंग्रजीतनं तासभर समजावलं, बाकीची पोरं डोकं खाजवत बसली, मी वहीत लिहिलं "आलाय म्हणे" आणि विषय संपला.

आता तक्रार. संस्थेचं नाव घेत नाही, पण वर्गात बारा जण सांगून अठरा कोंबले होते, आणि कल्चरल प्रोग्रॅमचे वेगळे पैसे घेऊन केमेराल्तीच्या बाजारात तासभर फिरवलं ते पण इंग्रजीत. अरे मग इमर्शन, म्हणजे भाषेत बुडून शिकणं, ते कसलं? कोनाकहून कार्शियाकाला जाणाऱ्या बोटीत शेजारच्याशी दोन वाक्यं बोललो त्यात जास्त शिकलो.

खरी शाळा घरात होती. घरमालकीण साठीच्या, त्यांना तेय्झे म्हणायचं, म्हणजे अक्षरशः मावशी, आणि आपल्यासारखंच कुठल्याही वयस्कर बाईला म्हणतात. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी शाकाहारी म्हटल्यावर रोज मसूर डाळीचं सूप आणि सकाळी ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, चहाचे छोटे ग्लास मोजायचे नाहीत. मी तासगावचा बेदाणा पुढं ठेवला तर एक दाणा उजेडात धरून विचारलं, हिरवा कसा राहिला? रॅक, जाळी, सावली, द्राक्ष बुडवायचं डिपिंग ऑइल हे सगळं मोडक्या तुर्कीत अन हातवारे करून सांगताना घाम फुटला. त्यांच्या भावाची मनिसाकडं बाग, तिथं द्राक्ष पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाच्या पाण्यात बुडवून उघड्यावर उन्हात पसरतात, म्हणून माल तपकिरी. रविवारी बागेत नेलं, तिथले शब्द पुस्तकात कुठंच नव्हते.

क्लासला पाचपैकी तीन, तेय्झेच्या घराला पाच. जाणार असाल तर नुसता क्लास आणि घर घ्या, ट्रिपचं पॅकेज घेऊ नका. आणि बेदाणा दोन किलो न्या, माझा पहिल्या आठवड्यातच संपला.