एकाग्रतेच्या बाटल्या: काय घ्यावं, काय फळीवरच राहू द्यावं

परीक्षा तोंडावर आल्या की केमिस्टच्या काउंटरवर मुलांच्या ‘एकाग्रते’ची वेगळी फळीच लागते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ओमेगाच्या गमी, ब्राह्मीचं सिरप, लोहाचं टॉनिक. एडीएचडी (अवधान टिकत नाही, चंचलता जास्त) असलेल्या मुलाच्या घरी यातल्या दोन-तीन बाटल्या अर्धवट संपलेल्या हमखास सापडतात. ब्रँडची नावं बाजूला ठेवून आत काय असतं आणि त्याने काय होतं, तेवढं इथे पाहू.

माशाचं तेल: मर्यादित अपेक्षेने, बारा आठवडे

डबीवर ठळक छापलेलं ‘१००० मिग्रॅ’ हे तेलाचं वजन. कामाचा आकडा मागे बारीक अक्षरात असतो: साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिग्रॅ, म्हणजे माशाच्या तेलातले दोन ओमेगा-३ घटक. लक्ष आणि चंचलतेच्या अभ्यासांत वजन पडलं ते ईपीएचं. २०११ मध्ये १० चाचण्यांचा, सुमारे ७०० मुलांचा एकत्र हिशोब झाला. ईपीए जास्त तिथे फरक जास्त दिसला, पण एकूण परिणाम ०.३ च्या आसपास (अशा मोजपट्टीवर ०.२ म्हणजे लहान, ०.८ म्हणजे मोठा फरक). मेथिलफेनिडेट या एडीएचडीच्या नेहमीच्या औषधाचा याच मोजपट्टीवर ०.८ च्या जवळ जातो. चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात तर पालकांनी दिलेल्या गुणांत अवधान आणि चंचलता दोन्हींत फरक दिसला नाही. म्हणजे करून बघायला हरकत नाही, पण चालू असलेली गोळी याच्या भरवशावर बंद करायची नाही.

बघायचंच तर नीट बघा. दिवसाला ५०० मिग्रॅच्या वर ईपीए म्हणजे साध्या कॅप्सूल तीन, जेवणासोबत, आणि आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून. दोन आठवड्यांत ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. बारा आठवड्यांनंतरही रेटत राहणं ही दुसरी. डबी उघडल्यावर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा हलका वास चालेल; जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर तेल खवट झालंय. मूल गिळत नसेल तर तेल कोमट वरणभातात पिळा, उकळत्या वरणात नाही.

गमी मात्र घेऊ नका. बहुतेक गमींमध्ये ईपीए-डीएचए मिळून अगदी थोडेच मिलिग्रॅम असतात, आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं. कॅप्सूलएवढा ईपीए यायला मूठभर गमी खाव्या लागतील. जवसाची चटणी चवीला उत्तम, पण जवसातल्या ओमेगाचा अगदी थोडा भाग शरीरात ईपीए होतो. मासे खाणाऱ्या घरात तारली आणि बांगडा स्वस्त आणि बरे. मोरी किंवा मोठी सुरमई वारंवार नको, त्यांत पारा साठतो.

ब्राह्मी: आधी कुठली ते विचारा

आपल्याकडे ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली दोन झाडं विकली जातात: नीरब्राह्मी (बकोपा) आणि मंडूकपर्णी. संशोधन जवळजवळ सगळं बकोपावर, तेही ठरावीक अर्कावर. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि अर्काचं मिग्रॅ नसेल तर तुलना कशाशी करणार? लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेला अर्क ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना १४ आठवडे दिला गेला. वागणुकीच्या मुख्य मोजमापात औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा फरक पडला नाही. डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाचा यात काही संबंध नाही. मालिश करा, छान झोप लागते.

दोन खबरदाऱ्या. सारस्वतारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवताना अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. धातूंची भस्मं असलेली औषधं तपासणीच्या अहवालाशिवाय मुलाला देऊ नका. शिसं स्वतःच अवधान बिघडवतं, आणि २००८ मधल्या एका अमेरिकी तपासणीत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

लोह: आधी रक्त, मग बाटली

फळीवरची सगळ्यात दुर्लक्षित आणि कधीकधी खरंच उपयोगी पडणारी ही बाटली. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी असू शकतं, म्हणून फेरिटिन मागा. सर्दी-ताप असताना ते खोटं वाढतं. तेव्हा मूल बरं झाल्यावर तपासा. फ्रान्समधल्या एका छोट्या चाचणीत (२३ मुलं, फेरिटिन ३० च्या खाली) १२ आठवडे लोह दिल्यावर लक्षणं काहीशी कमी झाली. फेरिटिन चांगलं असेल तर लोहाने काही साधत नाही, उलट पोट बिघडतं.

डोस वजनावर ठरतो आणि तो ‘एलिमेंटल आयर्न’मध्ये, म्हणजे निव्वळ लोहात मोजतात, बाटलीवर क्षाराचं वजन वेगळं असतं, तिथेच गल्लत होते. दूध किंवा चहाबरोबर दिलं तर निम्मं वाया. लिंबूपाण्याबरोबर द्या, मग चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळे पडतात. शी काळी होणं साहजिक. बाटली मात्र उंच कपाटात: घरातल्या लहान भावंडाने गोड म्हणून पिऊन टाकली तर ते जिवावर बेतू शकतं.

रंग काढणं: सगळ्यात स्वस्त प्रयोग

ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या २००७ च्या अभ्यासात सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (खाद्यपदार्थ टिकवणारं रसायन) यांच्या मिश्रणांनी साध्या, निदान न झालेल्या मुलांचीही चंचलता थोडी वाढलेली दिसली. युरोपात २०१० पासून त्या रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे यातले चार चालतात: आयएनएस (पाकिटावरचा घटकाचा क्रमांक) १०२, ११०, १२२, १२४. सरबत, जेली, टूटीफ्रूटी, रंगीत बडीशेप, गोळ्यांच्या पाकिटामागे हे आकडे शोधा. बेंझोएट म्हणजे २११. जत्रेतली लालभडक मंच्युरियन आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाडीला लेबलच नसतं. २०२४ मध्ये गोव्यातल्या म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, त्यात रंगाचाही मुद्दा होता.

गंमत अशी की हेच रंग मुलांच्या औषधी सिरपांतही असतात. घरातून रंगीत खाऊ हद्दपार करून केशरी ‘बुद्धिवर्धक’ पाजणारी घरं कमी नाहीत.

तीन आठवडे रंग बंद, मग एक आठवडा पुन्हा चालू. वर्गशिक्षिकेला काय बदललं ते सांगू नका, फक्त व्हँडरबिल्टचा (एडीएचडीची लक्षणं मोजणारा) शिक्षकांचा तक्ता आधी, मधे आणि शेवटी भरून घ्या. त्यात प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण असतात. पालकांचे स्वतःचे गुण कच्चे धरा. १९९४ च्या एका प्रयोगात ‘मुलाला साखर दिली’ असं सांगितलेल्या आयांना मूल जास्त चंचल वाटलं, प्रत्यक्षात मुलाला साखर दिलेलीच नव्हती.

दूध, गहू, अंडी एकदम बंद करायची यादी कुणी हातात ठेवली तर आहारतज्ज्ञांशिवाय हात लावू नका. मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलाची भूक दुपारी आधीच मेलेली असते. त्याला सकाळी गोळीच्या आधी अंडं आणि थालीपीठ पोटभर मिळालं तर ते यातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.