'रिप्लेस' म्हणजे नुसतं 'बदलणे' नाही: डिक्शनरी अॅप सहा महिने वापरून

माझं काम भाषांतराचं. जास्त करून मशिनची माहितीपत्रकं आणि औषधांसोबत येणारे कागद इंग्रजीतून मराठीत आणायचे असतात, त्यामुळे फोनवर एक ऑफलाइन इंग्रजी-मराठी डिक्शनरी अॅप सहा महिने झाले रोज वापरतेय. नाव घेत नाही, कारण तक्रार एकाच शब्दाची आहे, पण तो शब्द माझ्या कामात दिवसातून दहा वेळा येतो: रिप्लेस.

अॅपमध्ये रिप्लेस टाकलं की येतं: बदलणे, पुनर्स्थापित करणे, प्रतिस्थापित करणे, जागा घेणे. चारही एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम, उदाहरण एकही नाही.

मी सुरुवातीला पहिलाच उचलला आणि चुकले. बाटलीवर होतं 'रिप्लेस द कॅप आफ्टर यूज', मी लिहिलं 'वापरानंतर झाकण बदला'. तपासणाऱ्या ताईंचा लगेच फोन, अगं दर वेळी नवं झाकण आणायचं कुठून? तिथे अर्थ होता झाकण परत लावा, झाकण तेच! शब्द फोडून बघितला तर री म्हणजे परत आणि प्लेस म्हणजे जागा, म्हणजे परत जागेवर ठेवणं हा तर त्याचा मूळचा अर्थ, आणि नेमका तोच या चार शब्दांत साध्या मराठीत कुठे नाहीये.

'पुनर्स्थापित' तर मला धोक्याचाच वाटतो. कॉम्प्युटरवर त्याच नावाची फाइल कॉपी करताना रिप्लेस करू का विचारतात तेव्हा होय म्हटलं की जुनी फाइल जाते आणि नवी बसते. पण 'पुनर्स्थापित करा' वाचून कुणालाही वाटेल की जुनंच परत येणार, म्हणजे अगदी उलटं. रिस्टोअरसाठी तो शब्द ठीक आहे. इथे सरळ 'जुनी काढून नवी ठेवायची का?' असं विचारलं तर कुणाचं काम बुडणार नाही.

आता सबस्टिट्यूट. अॅपने त्यालाही जवळपास हेच अर्थ चिकटवलेत आणि माझी सगळ्यात मोठी नाराजी इथे आहे, कारण या दोन क्रियापदांची दिशा उलटी आहे. 'रिप्लेस रेड विथ व्हाइट' म्हणजे लाल काढा, पांढरं घ्या. 'सबस्टिट्यूट रेड फॉर व्हाइट' म्हणजे पांढरं काढा, लाल घ्या. लाल आधी आलं म्हणून तेच जाणार असं नाही, विथ आहे की फॉर ते बघावं लागतं (त्यात हल्ली बरेच जण सबस्टिट्यूटलाही विथ लावतात, तेव्हा मागचंपुढचं वाचल्याशिवाय इलाज नाही). गोळ्यांच्या कागदावर हे उलटं झालं तर माणूस बंद करायची गोळी चालू ठेवेल. डिक्शनरीने निदान एक वाक्य तरी द्यायला हवं ना?

आपल्याकडे याची किती नेमकी सोय आहे बघा. पाणिनीच्या व्याकरणात ज्याची जागा जाते तो 'स्थानी' आणि त्याच्या जागी येतो तो 'आदेश'. इति अधिक आदि, इत्यादि: त्यात इ हा स्थानी, य हा आदेश. जाणाऱ्याला वेगळं नाव, येणाऱ्याला वेगळं, गोंधळ होईलच कसा. रोजच्या मराठीत 'च्या जागी' आणि 'च्याऐवजी' तेच काम करतात, प्रत्यय ज्याला लागला तो गेला. 'पांढऱ्याऐवजी लाल घ्या' यात कुणी चुकू शकत नाही. मी आता दोन्ही क्रियापदांना शक्यतो हेच वापरते आणि 'प्रतिस्थापित' ला हातही लावत नाही.

नामाचं पान उघडलं तर तिथे पण तेच, सबस्टिट्यूट आणि रिप्लेसमेंट दोघांनाही 'बदली'. क्रिकेटमध्ये या दोघांत केवढा फरक आहे! सबस्टिट्यूट मैदानात येऊन फक्त फील्डिंग करतो, बॅटिंग बोलिंग नाही. पण डोक्याला मार लागून खेळाडू बाहेर गेला तर त्याच्या जागी येणाऱ्याला आयसीसीच्या नियमात कन्कशन रिप्लेसमेंट म्हणतात, तो बॅटिंगही करू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या जागी लाबुशेन आला आणि ५९ रन केले, ते याच नियमामुळे. कॉमेंट्रीत सर्रास कन्कशन सबस्टिट्यूट म्हणतात ते सोडा, पण 'बदली खेळाडू' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार. मी 'बदली क्षेत्ररक्षक' आणि 'पूर्ण बदली खेळाडू' असं करून वेळ मारून नेली, कुणाकडे याहून चांगलं असेल तर सांगा.

बाकी अॅप चांगलं आहे हे मनापासून सांगते. नेट नसताना चालतं, उघडायला वेळ लागत नाही, उच्चार स्पष्ट आहे, अक्षर मोठं करता येतं. नुसती नामं शोधायची असतील तर खुशाल घ्या. क्रियापदांसाठी मात्र इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी शेजारी उघडी ठेवा.

पाचपैकी तीन स्टार. झाकणाचं उदाहरण त्यांच्या सूचनांच्या रकान्यात टाकलंय, पुढच्या अपडेटमध्ये 'परत जागेवर ठेवणे' दिसलं की चौथा देते.