सेकंडहँड एन्डेव्हर, मागे घोडीचा ट्रेलर आणि ०.८ मिलिमीटरची ठकठक

ट्रेलर ओढताना मागून येणारी ठकठक थांबली एकदाची. आता या गाडीबद्दल जरा शांतपणे लिहिता येईल. उन्हाळ्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या.

गाडी फोर्ड एन्डेव्हर ३.२, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, २०१८ ची. पुण्याहून घेतली. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे सोलापुरात एमएच-१२ घेऊन फिरतोय आणि पार्किंगवाला पुणेकर समजून दर वाढवून सांगतोय. पाच सिलिंडर, २०० पीएस, ४७० एनएम हे सगळ्यांना पाठ आहे, परत लिहीत नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, म्हणूनच ही माझ्या बजेटमध्ये आली. नाहीतर एवढी मोठी गाडी घेण्याइतका मी दिलदार नाही.

घरी मारवाडी घोडी आहे. अकलूजच्या घोडेबाजाराला किंवा कुठे प्रदर्शनाला न्यायची म्हटलं की भाड्याचा पिकअप आणायचा, फळ्या लावायच्या आणि तिचा पाय घसरू नये म्हणून चौघांनी धरायचं. घरचे म्हणाले, मग पिकअपच घे की. पण पिकअपमध्ये आई बसणार नाही, आणि दोन गाड्यांचे दोन इन्शुरन्स मी भरणार नाही. एका स्टडफार्मवाल्याने अमेरिकन एक्सल आणि कपलर (दांडीच्या टोकाची, गाडीच्या बॉलवर बसून लॉक होणारी वाटी) मागवून बांधलेला, इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर विकायला काढला होता, तो उचलला. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याचं पासिंग वेगळं असतं. कागद नसलेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ चे निर्बंध आहेत, म्हणून आरटीओत आधी विचारलं, मगच टो हिचला, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे लावतात त्या जोडणीला, हात घातला.

ओढण्याबद्दल तक्रार शून्य. घोडीसकट ट्रेलर काट्यावर १,३०० किलोच्या आसपास भरला. हेच मॉडेल ऑस्ट्रेलियात एव्हरेस्ट नावाने विकलं गेलं, तिथे ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी ३,००० किलोची परवानगी होती. तुळजापूरच्या घाटात चढताना मागे काही आहे हे विसरायला होतं. उतरताना मात्र विसरू नका. गिअर मॅन्युअलला टाकून तिसऱ्यात धरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मागच्या एक्सलला वॅट्स लिंकेज (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या दांड्या) आहे, ट्रेलर लावूनही शेपूट हलत नाही. अर्थात त्यातलं अर्धं श्रेय वजनाच्या वाटणीचंही आहे. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के वजन हिचवर यायला हवं. ट्रेलरच्या दांडीखाली लाकडी ठोकळा ठेवून मार्केट यार्डातल्या धान्याच्या काट्यावर मोजलं, हमाल हसत होते, हसू देत. पहिल्यांदा कमी भरलं, म्हणून घोडीचा आडवा बार पुढे सरकवला.

आता ठकठक. पुण्यातल्या ज्या अॅक्सेसरीवाल्याकडून हिच बसवली, त्याने हिचवरचा बॉल (ज्या लोखंडी गोळ्यावर कपलर बसतो तो) दिला आणि सांगितलं, “सगळ्याला बसतो.” बसला. पण ब्रेक मारला की ठक, सोडला की ठक, पुलाच्या प्रत्येक जॉइंटवर ठक. पालखी मार्ग आता गुळगुळीत झालाय, तरी वाखरीपासून अकलूजपर्यंत मी फक्त तेच ऐकलं. माझं एक वेळ जाऊ दे, आवाज थेट दांडीतून ट्रेलरच्या फरशीत जातो. घोडी पाय आपटायची, घामेघूम होऊन उतरायची आणि दिवसभर वैरणीला तोंड लावायची नाही.

एका वर्कशॉपने मागच्या सस्पेन्शनचे बुश बदलले. आवाज तसाच. मग म्हणाले शॉक. शॉकचा भाव ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे पार्ट बनवणारे एक लेथवाले आहेत. त्यांनी मोजायचा व्हर्निअर लावला. बॉल ५० मिमी. कपलरवर शिक्का दोन इंचाचा, म्हणजे ५०.८. युरोप-ऑस्ट्रेलियाकडे ५० चालतो, अमेरिकेत दोन इंच, आणि माझ्या गाडीत दोघांचं लग्न लावलेलं. नुसता आवाजाचा प्रश्न नाही, छोटा बॉल मोठ्या कपलरमधून खड्ड्यात उसळून निघू शकतो. उलट केलंत, म्हणजे मोठा बॉल छोट्या कपलरला, तर लॉकच पूर्ण बसत नाही. मी म्हटलं, काका, तुम्हीच एक दोन इंचाचा फिरवून द्या, बाहेर महाग आहे. “असलं काम मी करत नसतो ओ,” ते म्हणाले. “ह्याच्यावर जनावर जाणार की. फोर्ज केलेला, वजनाचा शिक्का असलेला घ्या.” व्हर्निअर लावायचे पैसेही घेतले नाहीत. ज्यांनी घेतले त्यांना जे दिसलं नाही ते यांना दोन मिनिटांत दिसलं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि प्रकरण संपलं असं धरलं होतं. नवा बॉल लावला, कपलरखालचं अॅडजस्टिंग नट आवळलं, तरी आवाज निम्माच गेला. उरलेला निम्मा हिचच्या चौकोनी नळीत होता. बॉलची दांडी त्या नळीत पिनवर लटकते आणि थोडी खेळते. त्याला यू बोल्टची पट्टी लावून दांडी वर दाबून धरतात. बाजारात तयार मिळते, मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, चहापाण्याच्या खर्चात झाली. आता शांत.

दुसरं बदललेलं मत एअर बॅगचं. मागच्या कॉइलमध्ये घालायच्या हवेच्या पिशव्या म्हणजे पैसे उकळायचा धंदा, असं मी ठामपणे सांगत फिरायचो. पण दांडीचं वजन आलं की मागचा भाग बसतो, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. रात्री मोहोळ रस्त्याला प्रत्येक ट्रकवाला मला अप्पर-डिपर देत होता. बसवून घेतल्या. ट्रेलर नसताना हवा कमी करायची, नाहीतर मागची सीट दणके देते आणि आई ऐकवते.

बाकी किरकोळ. रिव्हर्स टाकला की मागचे सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून कोकलतात, आधी बंद करा. ॲव्हरेज ट्रेलरशिवाय दहाच्या आत, ट्रेलरला सहा-सात. ८० लिटरची टाकी भरताना पंपावर दुसरीकडे बघायचं. मे महिन्यात ४३ अंशात गिअरबॉक्सची काळजी वाटली म्हणून वेगळा ऑइल कूलर लावला, त्या खर्चाबद्दल कुरकुर नाही.

५० चा बॉल घरी पडून आहे, जवळपास नवा. अॅक्सेसरीवाला परत घेत नाही, “वापरलाय” म्हणतो. कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन, पण आधी आपल्या कपलरवरचा शिक्का वाचून या.