फायटर माशाला घर कुठलं द्यायचं: बाऊल, एकट्याची टाकी, पार्टिशन की सोबत?

दुकानात फायटर मासे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत एकेकटे मांडलेले असतात. ती मांडणी बघून गिऱ्हाईक दोन समजुती घरी घेऊन जातं. एक, याला एवढंसंच पाणी पुरतं. दुसरी, बिचारा एकटा आहे, घरी याला कोणीतरी सोबती आणू. या दोन्ही समजुतींपायी मासे मरतात. आपल्या तापी-गिरणेच्या पट्ट्यात उन्हाळाही त्यात भर घालतो. म्हणून ही तुलना करताना माशाचा स्वभाव आणि आपला मे महिना, दोन्ही समोर ठेवले आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक नर, त्याची स्वतःची वीसेक लिटरची टाकी, आत भरपूर पाणवनस्पती आणि वर जाळीचं झाकण. दुसरे पर्यायही काही घरांत जमतात. कुठे जमतात आणि कुठे नाही, ते पुढे येईलच.

हा इतका भांडतो का?

फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स. मूळ थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तिकडे लोकांनी झुंजी लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जास्त आक्रमक नर निवडले आणि त्यांचीच पैदास केली. त्यामुळे मुळातला हद्दीचा हट्ट आहेच, वर माणसानं घातलेली भरही आहे. भातखाचरात दोन नर भिडले की हरलेला पळून जातो आणि प्रकरण तिथेच मिटतं. काचेच्या पेटीत पळायला जागाच नसते, म्हणून पर फाटेपर्यंत, कधी जीव जाईपर्यंत मारामारी चालते. सवयीनं निवळेल, लहानपणापासून एकत्र वाढवले तर जमेल, ही आशा दोन नरांच्या बाबतीत धरू नका.

बाऊल की टाकी

‘भातखाचरातला मासा आहे, वाटीभर पाण्यातही जगतो,’ हे हमखास ऐकायला मिळतं. खाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते केवढं तरी पसरलेलं असतं. फायटर बाऊलमध्ये तग धरतो, कारण डोक्याजवळच्या लॅबिरिन्थ नावाच्या अवयवामुळे तो पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. दुसरा मासा जिथे गुदमरून मेला असता तिथे हा आठवडे काढतो, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक चाललंय. प्रत्यक्षात त्याच्याच विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया त्याचे कल्ले आणि पर जाळत असतो. तीन लिटरच्या बाऊलमध्ये हा अमोनिया दोन दिवसांतच त्रासदायक होतो. मग दर दुसऱ्या दिवशी अर्धं पाणी बदला, आणि प्रत्येक वेळी माशाला नव्या तापमानाचा, नव्या पाण्याचा धक्का द्या.

आता उन्हाळा घ्या. फायटरला २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळत असतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर दुपारी खोलीतली हवाच पस्तिशी ओलांडते, आणि तीन लिटर पाणी काही तासांत तिच्या मागोमाग तापतं. रात्री कूलर लावला की तेच पाणी झपकन उतरतं. ही रोजची वरखाली माशाला सततच्या थोड्या उष्म्यापेक्षाही जास्त मारते. वीस लिटर पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. थंडीतही हेच. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटर लागतोच, आणि बाऊलमध्ये हीटर नीट बसत नाही, बसला तरी पाणी पटकन तापवून ठेवतो. वीस लिटरला थर्मोस्टॅटचा ५० वॉटचा हीटर पुरतो. तो दिवसातले बारा तास चालला तरी वीज अर्धा-पाऊण युनिट.

बाऊल ठेवाच, पण दवाखाना म्हणून. आजारी मासा चार-आठ दिवस वेगळा काढायला तो कामाला येतो.

टाकी घेताना तयार सेटच हवा असं नाही. काचवाल्याकडून १५ × १० × १० इंचांची पेटी करून घेतली आणि वरून दीड इंच मोकळी सोडून भरली, तर पाणी साधारण वीस लिटर बसतं. उंच टाकीपेक्षा आडवी, पसरट टाकी याला बरी. लांब परांचे हाफमून, वेलटेल, क्राउनटेल नर आपल्या शेपटीच्या वजनानंच थकतात, त्यांना हवा घ्यायला खालून वर फार अंतर पोहावं लागू नये. आखूड परांचा प्लाकाट मात्र चपळ असतो आणि उडीही लांब मारतो. उड्या सगळेच मारतात, म्हणून झाकण हवंच. फिल्टर स्पंजचा घ्या, एअरपंपावर चालणारा, आणि त्याचा वारा व्हॉल्व्हनं कमी ठेवा. जोराचा प्रवाह असला की मासा कोपऱ्यात दबून राहतो.

लोडशेडिंगची भीती या माशाच्या बाबतीत कमी आहे, तो वरून हवा घेतो. फटका बसतो तो स्पंजमधल्या जिवाणूंना. अमोनिया पचवणारे तेच असतात आणि त्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. बरेच तास वीज गेली असेल तर ती आल्यावर थोडं पाणी बदलून टाका.

मे महिन्याची सोय

मातीच्या जाड भिंतींचं, धाब्याचं घर असेल तर निम्मा प्रश्न मिटतो. अशा घराच्या आतल्या खोलीत भर दुपारीही टाकी फार तापत नाही. स्लॅबच्या घरात टाकी खालच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून ठेवा. आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. त्यासाठी उन्हाळ्यात काचेचं झाकण काढून डासांची जाळी ताणून बसवावी. हवा खेळते आणि उडीही अडते. कूलर खोलीत चालू राहू द्या, पण त्याचा झोत थेट टाकीवर नको. बर्फाचे खडे टाकायचे नाहीत. फारच तापलं तर गार पाण्याची बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा.

मच्छर अगरबत्ती, कॉइल आणि लिक्विडची मशीन मात्र त्या खोलीतून काढा. त्यांतली कीटकनाशकं माशांना अतिशय विषारी असतात. वर हा मासा खोलीतलीच हवा घेतो आणि एअरपंपही तीच हवा पाण्यात सोडतो.

नळाचं, बोअरचं की आरओचं पाणी

आपल्या गावांत नळ रोज येतोच असं नाही. ड्रम भरून ठेवायची सवय घराघरांत आहे, आणि माशासाठी ती सोयीचीच. उघड्या ड्रममध्ये एक रात्र पाणी राहिलं की टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकलेल्या ब्लिचिंग पावडरचा, क्लोरीन बराचसा उडून जातो. तरी अँटिक्लोरचे थेंब हाताशी असू द्या, गावची पाण्याची टाकी नुकतीच धुऊन पावडर टाकली असेल त्या आठवड्यात तर नक्कीच. तांब्याच्या हंड्यातलं पाणी वापरू नका.

बोअरचं पाणी जड असतं. बादलीला पांढरा थर चढवणारं पाणी या माशाला चालेल का, असं लोक विचारतात. दुकानातले फायटर बंदिस्त पाण्यात पैदास झालेले असतात, मध्यम जड पाणी ते पेलतात. त्यांना सोसत नाही ते दर वेळी बदलणारं पाणी: या आठवड्यात बोअर, पुढच्या आठवड्यात नळ. एक काहीतरी ठरवा आणि तेच चालू ठेवा. बोअर फारच जड असेल तर अर्धं आरओ मिसळा, पण आरओतून बाहेर फेकलं जाणारं पाणी नको, ते मुळापेक्षा जास्त जड असतं. आणखी एक. उन्हाळ्यात टाकीची पातळी डोळ्यांदेखत खाली येते. पाणी उडतं, क्षार आतच राहतात. ती तूट पुन्हा बोअरनं भरत राहिलात तर पाणी महिन्याभरात कितीतरी जड होतं. तूट आरओच्या पाण्यानं भरा. आठवड्याला पाव भाग पाणी बदलताना मात्र नेहमीचं पाणी.

देशी बदामाची वाळलेली पानं याला फार मानवतात. एक पान धुऊन टाकलं की पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं, आणि नर त्या पानाच्या आडोशाला बुडबुड्यांचं घरटं बांधू लागतो. झाड अंगणातलं किंवा शाळेच्या आवारातलं बघा. कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावरचं नको, फवारणीचा अंश पानावर असतो.

दोन नर हवेतच, तर

मुलं दोन असली की मासेही दोन लागतात. तेव्हा पार्टिशनची टाकी की दोन वेगळ्या टाक्या? पार्टिशनच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे: २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत पन्नासेक लिटर पाणी एकत्र राहतं, ते उन्हाळ्यात जास्त स्थिर असतं, आणि एकाच फिल्टर-हीटरवर भागतं. विरुद्धचा मुद्दाही तितकाच भक्कम. पाणी एक, म्हणजे एकाला लागलेला रोग दुसऱ्याला लागणारच. शिवाय पार्टिशन पारदर्शक असेल तर दोघं दिवसभर एकमेकांवर फुलत राहतात, खाणं टाकतात, पर झिजवतात. दूधकाचेसारखं धूसर किंवा काळं अ‍ॅक्रिलिक बसवा, पाणी जाण्यापुरती बारीक भोकं ठेवा आणि ते झाकणाला टेकेल इतकं उंच घ्या. पाण्याच्या वर दोन बोटं फट राहिली तरी एक दिवस एक नर पलीकडे गेलेला सापडतो. इतकं नीट करून घेणार असाल तर पार्टिशन चांगलं. नाहीतर दोन टाक्या घ्या आणि मध्ये पुठ्ठा उभा करा.

माद्या, गप्पी आणि इतर सोबती

माद्यांचा गट शांत असतो, ही समजूत अर्धी खरी आहे. त्याही चढाओढ करतात, फक्त पाच-सहा जणी असल्या की मार एकीवरच न पडता वाटला जातो. त्यासाठी सत्तर लिटरच्या पुढची टाकी, दाट झाडी, शक्य तर एकाच पिल्लावळीतल्या माद्या आणि सगळ्या एकाच वेळी आत सोडणं, एवढं सगळं जुळावं लागतं. आपल्याकडच्या दुकानांत एका वेळी एक-दोनच माद्या मिळतात. नवख्यानं या वाटेला जाऊ नये. नर-मादी एकत्र ठेवायची ती फक्त पिल्लांसाठी, आणि अंडी दिल्याबरोबर मादी बाहेर काढायची, नाहीतर घरट्याची राखण करणारा नर तिला फाडतो.

माझ्या भाच्यानं विचारलं होतं, ‘‘मामा, त्याला एकट्याला करमत नसेल ना?’’ आरोग्य खात्याकडून डासांच्या अळ्या खायला आणलेले गप्पी त्यांच्या घरी होतेच. मी म्हटलं, ‘‘बेटा, त्यांना बरणीत घे आणि बरणी त्याच्या टाकीला लावून बघ.’’ एक रंगीत शेपटीचा गप्पी काचेजवळ आला आणि फायटरच्या कल्ल्यांवरची झाकणं उघडली, आतली काळपट झालर बाहेर आली, पर ताठ झाले, अंगाचा निळा गडद झाला. तो काचेवर धडका देऊ लागला. बरणी उचलली. थोडा वेळ त्यानं त्याच जागी गस्त घातली, मग वर जाऊन पुन्हा आपल्या घरट्याला बुडबुडे जोडत बसला. ‘‘हा एकटाच खूश आहे,’’ भाचा स्वतःच म्हणाला.

फायटरला सोबत हवी असते ती आपली. तो खाणं देणाऱ्याला ओळखू लागतो, काचेजवळ येतो, बोटामागे फिरतो. दुसरा मासा त्याच्या लेखी हद्दीत घुसलेला परका असतो. तरीही सोबत द्यायचीच असेल तर चाळीस लिटरच्या पुढची टाकी घ्या आणि दुकानदाराला न विचारता स्वतः यादी ठरवा. गोगलगाय चालते. तळाशी राहणारे कुली लोच बहुधा चालतात. कोरिडोरास या तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाचं नाव सगळीकडे सुचवलं जातं, पण त्यांना थोडं गार पाणी लागतं, आपल्या उन्हाळ्यात त्यांचेच हाल होतात. टायगर बार्ब लांब पर कुरतडतात. गुरामी त्याच्याच नात्यातले, त्यांच्याशी हमखास जुंपते. गोल्डफिशला गार पाणी आणि मोठी टाकी हवी, ती जोडी मुळातच चुकीची. आणि कुठलाही सोबती सोडला तरी फायटरला हलवायची रिकामी जागा आधी तयार असू द्या. काही नर गोगलगायसुद्धा सहन करत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात: हा मांसाहारी आहे. फुलदाणीत मनीप्लँट लावून खाली फायटर सोडतात आणि तो मुळं खाईल म्हणतात, तो उपाशी मरतो. फायटरसाठीचे दोन-तीन दाणे सकाळी, तेवढेच संध्याकाळी. डासांच्या अळ्या म्हणजे त्याचं नैसर्गिक अन्न, पण नगरपालिकेनं अ‍ॅबेट हे अळ्या मारायचं औषध टाकलेल्या डबक्यातल्या नकोत.

कधी आणि कुठला घ्यायचा

टाकी आधी, मासा नंतर. फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर रिकाम्या टाकीतही रोज चिमूटभर खाणं टाकून फिल्टर चालू ठेवा. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात टाकी लावून नवरात्राच्या सुमारास मासा आणणं सगळ्यात सोयीचं, तेव्हा ना उन्हाची तलखी असते ना थंडीचा कडाका. एप्रिलमध्ये घेऊ नका, प्रवासातच तो अर्धा होतो.

दुकानात डब्यासमोर बोट हलवा. जो फुलून अंगावर येतो तो तब्येतीचा. परांच्या कडा पांढरट किंवा कुरतडल्यासारख्या, पोट आत गेलेलं, अंगावर सोनेरी भुकटी दिसणारा किंवा डब्याच्या तळाशी आडवा पडलेला दया येऊन उचलू नका. घरी आणल्यावर पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जा आणि शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी खायला घालू नका, दिवा बंद ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दाण्यांनी सुरुवात करा.