टेम्परेचर गन: घेतली इंजिनासाठी, कामाला आली गिअरबॉक्सच्या

आधीच सांगते, कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे ती बंदूक गाडीच्या कामाची नाही. घरात पडून असलेली ती काढून बॉनेट उघडणारे लोक मी पाहिलेत. ती माणसाच्या तापाच्या आसपासचंच वाचते, त्याच्यावर गेलं की पडद्यावर नुसतं 'हाय' येतं. गाडीसाठी औद्योगिक वापराची इन्फ्रारेड गन घ्यावी लागते, म्हणजे हात न लावता वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान वाचणारी. माझी उणे ५० ते ५५० अंश सेल्सिअस वाचते. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीच्या गन वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि त्यांच्यात फारसा फरक नसतो.

माझी पिकअप जुनी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. माल भरून चढाला लागली की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायचा आणि थोड्या वेळाने दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी ओढायची नाही. मिस्त्रींचं निदान तयार होतं. "ताई, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आणि गरम होतेय त्याचं वेगळं बघू, थर्मोस्टॅट काढून टाकू." म्हणजे आजार दोन आणि बिलंही दोन. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढण्याला मी साफ नकार दिला. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं. गन घेतली ती या वादापायी.

पहिली तपासणी थर्मोस्टॅटचीच. थंड गाडी चालू करायची आणि थर्मोस्टॅटची हाउसिंग (तो बसतो ते धातूचं घर) आणि तिथून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाईप आळीपाळीने वाचत राहायचं. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडू लागतो. हाउसिंग चढत जाते, पाईप मागे राहतो, आणि मग एकदम पाईपही भराभर चढतो. हा झटका दिसला की थर्मोस्टॅट चालतोय. पाईप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा अडकलाय. हाउसिंग शंभरावर आणि पाईप थंडच, तर बंद अडकलाय किंवा आत हवा धरलीय. माझ्या गाडीत झटका व्यवस्थित आला. मिस्त्रींना बोलावून दाखवला. ते "हं" म्हणाले.

नंतर रेडिएटर, आणि गनचे पैसे वसूल झाले ते इथे. गाडी चांगली तापवून, इंजिनाच्या बाजूने, पंख्यापासून हात लांब ठेवून जाळीवर आडव्या रांगांनी ठिपका फिरवला. वरची टाकी १०१. (रेडिएटरचं दाब धरणारं झाकण, म्हणजे प्रेशर कॅप, धड असेल तर कूलंट शंभराच्या पुढेही उकळत नाही, त्यामुळे या आकड्याने दचकू नये.) जाळीत खाली यावं तसं तापमान सावकाश उतरायला हवं. एका बाजूला ते तसं उतरत होतं, ९४, ९०, ८७. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एकदम ४८, आणि त्या सगळ्या पट्ट्यात तसंच. तिथून पाणी जातच नव्हतं, नळ्या गाळाने बंद. उरलेल्या नळ्यांवर सगळा भार, म्हणून खालच्या टाकीतून पाणी पुरेसं निवून बाहेर पडत नव्हतं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती, वरून पाणी मारून काहीच कळलं नसतं.

आता गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल थंड व्हायला एका नळीने रेडिएटरच्या टाकीत जातं, तिथे आतल्या छोट्या कूलरमधून फिरून दुसऱ्या नळीने परत येतं. म्हणजे भोवतालचं पाणी जेवढं गरम, त्याच्याखाली हे ऑईल काही केल्या जाऊ शकत नाही. मी दोन्ही नळ्या वाचल्या. जाताना ११८, येताना १११. एवढ्या तापलेल्या ऑईलचं काय होतं हे गिअरबॉक्सवाले जाणतात. ते पातळ होतं, दाब कमी पडतो, आतले क्लच (गिअर पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या) घट्ट धरत नाहीत, घसरतात. घसरले की आणखी उष्णता, ती पुन्हा रेडिएटरमध्ये, आणि इंजिनाचा काटा अजून वर. मिस्त्रींच्या हिशेबातले दोन आजार या टाकीपाशी एकत्र येत होते.

गिअरबॉक्स उतरवायचं थांबवलं. आधी गिअरबॉक्सच्या ऑईलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढून पाहिली. ऑईल काळपट आणि जळका वास, पण गुलाबी दुधट नव्हतं. ते दुधट असतं तर आतला कूलर फुटून कूलंट ऑईलमध्ये शिरलंय असं समजायचं, आणि मग मिस्त्रींचंच खरं ठरलं असतं, कारण कूलंट लागलं की क्लचच्या पट्ट्यांचं अस्तर सुटतं. आमच्याकडे रेडिएटर नवा बसवला, त्याच्यापुढे गिअरबॉक्स ऑईलसाठी वेगळा कूलर लावला, गिअरबॉक्सचा चेंबर (खालचा ऑईलचा ट्रे) उघडून फिल्टर आणि ऑईल बदललं. आता त्याच चढाला परतीची नळी नव्वदीच्या आत असते. तिसरा गिअर धरतो. सकाळी गाडी थंड असताना तो अजूनही जरा उशिरा पडतो. उष्णतेने कडक झालेले सील काही नव्या ऑईलने मऊ होत नाहीत, त्यामुळे कधीतरी तो गिअरबॉक्स उतरणार आहेच. पण ते मी ठरवीन तेव्हा.

आता गनच्या खोडी. सगळ्यात मोठी म्हणजे चकचकीत धातूसमोर ती खोटं बोलते. आरशात बघितल्यावर आरसा न दिसता आपणच दिसतो, तसं उघड्या ॲल्युमिनियमवर तिला भोवतालचं प्रतिबिंब दिसतं आणि आकडा भलताच कमी येतो. थर्मोस्टॅटच्या उघड्या ॲल्युमिनियम हाउसिंगवर मला आधी ४१ दिसले. हात लावला असता तर भाजला असता. उपाय सोपा आहे. जिथे वाचायचं तिथे गाडी थंड असताना उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा एक ठिपका द्यायचा. गिअरबॉक्सच्या स्टीलच्या नळ्यांवरही तसेच ठिपके दिलेत. वायरिंगची काळी टेप लावूनही चालतं, पण शंभराच्या आसपास तिचा गोंद वितळून चिकचिक होते. रबरी पाईप, रंगवलेला चेंबर, धूळ बसलेली जुनी जाळी यांवर काही करावं लागत नाही. रेडिएटर नवाकोरा चकाकता असेल तर आकड्यांवर विश्वास न ठेवता फक्त शेजारच्या जागांशी तुलना करायची.

दुसरी खोड लेझरची. लाल ठिपका मोजत नाही, तो फक्त नेम दाखवतो. खरं मोजमाप त्याच्याभोवतीच्या गोलाचं होतं. खोक्यावर १२:१ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १२ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरचा गोल. बॉनेटबाहेर उभं राहून पाऊण मीटरवरून बारीक नळीवर रोखली, तर नळीसोबत मागचं इंजिनही मोजलं जातं. जवळ जावं लागतं, आणि जवळ पट्टा नि पंखा फिरत असतात. केस बांधा, बाह्या वर करा. मध्ये वाफ असली तरी आकडा बिघडतो.

हेड गॅस्केटबद्दल, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलबद्दल, हिला काही विचारू नका. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय का हे पाहायला निळ्या रसायनाचा वेगळा टेस्टर मिळतो, त्यातलं पाणी पिवळं झालं की समजायचं. झिरपणारी बारीक गळती शोधायला हाताने पंप करायचा प्रेशर टेस्टर लागतो. गन हे दोन्ही करत नाही, आणि खोक्यावर तसं लिहिलेलंही नाही. एक जास्तीचा फायदा मात्र सापडला. इंजिन सुरू केल्याबरोबर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) एकेक फाटा वाचला, तर जो फाटा इतरांच्या मागे राहतो त्या सिलिंडरमध्ये मिसफायर असतो, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही.

डॅशबोर्डवर काटा आहे, मग गन कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: अनेक गाड्यांत काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच राहील अशी रचना केलेली असते. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा बहुतेक जुन्या पिकअपमध्ये नसतोच.

घेताना एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा गनमधला आकडा) बदलता येते का, ते तेवढं पाहा. स्वस्तातल्या गनमध्ये ती ०.९५ वर पक्की असते. काळे ठिपके देणार असाल तर तेही चालतं, मी बहुतेक वेळा तीच ठेवते. बॅटरी उतरली की माझी आकडे वाटेल तसे नाचवते, पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागलं की नवी घालते. सोबत आलेली कापडी पिशवी अगदीच टाकाऊ आहे, शिवण पहिल्याच आठवड्यात उसवली. गन आता टूलबॉक्समध्ये जुन्या मोज्यात असते.